बावीस फूट सरळ

रविंद्र खिल्लारे यांनी घरात पहिल्यांदा 'बावीस फूट' असं म्हटलं तेव्हा सपना भाकरी थापत होती. तिला वाटलं, कुठेतरी अजगर निघाला.

"काय बावीस फूट?"

"गाडी," रविंद्र म्हणाले.

"बाई! आणि माणसं किती बसतील?"

"एक."

सपनाने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि मग विचारलं, "बाकीच्या घरानं काय मागून पळत यायचं?"

रविंद्र वसमतजवळच्या एका आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायचे. वीस वर्षं पोरांकडून कानशीने लोखंड घासून घेता घेता त्यांचा स्वतःचा स्वभावही घासून टोकदार झाला होता. अर्धा मिलिमीटर चूक ते कुणालाच माफ करत नसत. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर त्यांना जेवण जात नसे. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफरने आपल्याला तिरकं उभं केलंय, हे ते सतरा वर्षांनंतरही पाहुण्यांना दाखवत. अशा माणसाने एका रविवारी मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या शर्यती पाहिल्या आणि तो कामातून गेला.

साठेक वर्षांपूर्वीच्या त्या गाड्या. लांबच लांब आणि किडकिडीत. पुढे सायकलीसारखी दोन बारीक चाकं, मागे रणगाड्याला शोभतील असे टायर, आणि ड्रायव्हर बिचारा सगळ्यात मागे, मागच्या चाकांच्याही मागे टाकून दिलेला. दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, पाव मैल नाकासमोर सुसाट जायच्या आणि शर्यत संपायची. वळण नाही, चढ नाही, कुणाला बाजू देणं नाही. इतकी निर्मळ गोष्ट रविंद्रांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"म्हणजे ही वळत नाही?" सपनाने विचारलं.

"वळायची गरजच पडत नाही."

"आणि बाजारात न्यायची म्हटलं तर?"

"बाजारात न्यायला नसते गं ती."

"बरं. कुणाचं ऐकत नाही, वळत नाही, बाजारात कामाची नाही. मग गाडी कशाला बनवताय? तुम्ही आहात की घरात."

गाडीला इंजिन नंतर बघू, आधी चॅसिस करायची, असं रविंद्रांनी ठरवलं. चॅसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब पाइप, पुढे निमुळते होत गेलेले, त्यांना जोडणारे आडवे पाइप आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे एक कमान. वेल्डिंगसाठी त्यांनी जळबाला गाठलं. जळबाचं नांदेड रस्त्यावर शेड होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, हळद शिजवायचे कुकर, दुकानांची शटरं, सगळं तो करायचा, आणि करताना टेप शक्यतो खिशातच ठेवायचा.

रविंद्रांनी त्याला तासभर समजावून सांगितलं. अमेरिका, पाव मैल, वजनाचं गणित, सगळं. जळबाने तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"कळलं," तो म्हणाला. "शंकरपट. बैल काढून टाकले फक्त."

रविंद्र दुखावले. पण घरी जाऊन त्यांनी बराच विचार केला, आणि यापेक्षा नेमकी व्याख्या त्यांना काही सुचली नाही.

पहिली अडचण जमिनीची आली. बावीस फूट सरळ वस्तू जोडायची तर खालची जमीन सपाट हवी. जळबाच्या शेडमध्ये जमिनीवर नट ठेवला तर तो स्वतःच्या पायांनी रस्त्यापर्यंत जायचा. रविंद्र लेव्हल हातात घेऊन गावभर फिरले. शाळेचा व्हरांडा, सोसायटीचं गोदाम, ओळखीच्यांच्या गच्च्या. लोकांना वाटलं, रस्ता रुंदीकरण आलं. दोघांनी तर आपले ओटे रातोरात मागे घेतले.

शेवटी सपाट जमीन सापडली ती व्यंकटरावांच्या मंगल कार्यालयात. व्यंकटराव मोठे शेतकरी. आदल्याच वर्षी त्यांनी कार्यालयात नवीन ग्रॅनाइट बसवलं होतं, आणि कारागीर चुकून चांगला निघाला होता. रविंद्रांनी हॉलच्या मधोमध लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला. रविंद्रांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

व्यंकटरावांना ते फरशीचं कौतुक वाटलं. आषाढ सरला होता. तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालय रिकामंच पडणार होतं. ते म्हणाले, "करा ना सर हितंच. काय तकलीफ न्हाई. फक्त गाडीवर आमच्या कार्यालयाचं नाव टाका. मोठ्या अक्षरात."

श्रावण-भादव्यात काम चाललं. खाली पत्रे अंथरले, वर लोखंडी घोड्या मांडल्या, घोड्यांवर पाइप. रविंद्र आयटीआय सुटल्यावर यायचे आणि एकेक जोड तपासायचे. जळबा एक टाका मारायचा, रविंद्र सुतळी ताणून डोळा लावायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." जळबा टाका तोडायचा.

"सर, लोखंड हाय. सोनं न्हाई."

"दोन सूत बाहेर आहे, जळबा."

"दोन सुतानं काय व्हतंय? म्या बसस्टँडचं शेड चार सूत वाकडं केलतं. अजून बश्या येऊन राहिल्या."

एकदा रविंद्र चहाला गेले असताना जळबाने एका बाजूचे सगळे जोड सलग वेल्ड करून टाकले. काम उरकलं म्हणून तो खूश होता. थंड होताना लोखंडाने स्वतःला त्या बाजूला ओढून घेतलं आणि बावीस फुटांची चॅसिस केळ्यासारखी झाली. रविंद्र तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. सपनाने शेजारणीला सांगितलं, "दुःख आहे घरात. पाइप वाकलाय." पण ते सगळं कापून, पुन्हा जुळवून, डावा-उजवा एकेक टाका घेत दसऱ्याच्या आसपास चॅसिस उभी राहिली. सरळ. इतकी सरळ की जळबासुद्धा एका टोकाला डोळा लावून म्हणाला, "च्यायला. बंदूकच हाय."

त्याच आठवड्यात व्यंकटरावांच्या लेकीचं, पुनमचं, लग्न ठरलं.

मुलगा सेनगावकडचा. पत्रिकेवरचं नाव भारदस्त होतं, पण घरात सगळे त्याला मुन्ना म्हणत. मुन्ना जहाजावर इंजिनिअर होता आणि त्याला पंधरा दिवसांत जहाजावर परत जायचं होतं. एकदा गेला की आठ महिने समुद्रात. गुरुजींना विचारून काढीव मुहूर्त काढला गेला: पुढचा गुरुवार, दुपारी बारा सदतीस.

"सर," व्यंकटराव म्हणाले, "गाडी काढा भाईर. आठ दिवस हायेत."

"काढतो," रविंद्र म्हणाले, आणि मग त्यांची नजर दाराकडे गेली.

पाइप आत आले होते तेव्हा सुटे सुटे आले होते. कार्यालयाचं मोठं दार हॉलच्या कोपऱ्यात होतं, आणि दाराबाहेर नऊ फुटांवर कंपाउंडची भिंत. बावीस फुटांच्या वस्तूला दारातून निघून तिथल्या तिथे काटकोनात वळायचं होतं. आणि ही वस्तू वळत नाही, हा तर तिचा सगळ्यात मोठा गुण होता. रविंद्रांनी लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून कार्यालयाची छोटी प्रतिकृती केली, चॅसिस म्हणून झाडूची काडी घेतली आणि दोन दिवस ती काडी दारातून काढून पाहिली. आडवी, तिरपी, उभी. काडी निघेना. सपनाने ती काडी मोडून बाहेर काढली आणि म्हणाली, "झालं. एवढं सोपं आहे."

व्यंकटरावांचंही तेच म्हणणं होतं. सोमवारी ते जळबाला गॅस कटरसकट घेऊनच आले. "मधून दोन तुकडे करा. मंग जोडा परत."

"परत ती सरळ येणार नाही!" रविंद्र चॅसिसवर आडवे हात करून उभे राहिले. "अडीच महिने घालवलेत व्यंकटराव. तुम्ही भिंत तोडा, मी बांधून देतो."

"लग्नाच्या घराची भिंत तोडू? डोस्कं ठिकाणावर हाय का सर?"

जळबा कटर पेटवून शांतपणे उभा होता. कुठलाही निकाल लागला तरी त्याला काम होतं. तेवढ्यात पुनम हॉल बघायला आली. तिने चॅसिसला एक फेरी मारली, कमानीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, हिला चाकं लावा. आमी हिच्यावरूनच एंट्री घेतो."

"काय घेता?"

"एंट्री. आजकाल नवरा-नवरी कशाकशावरून येतेत. गेल्या साली एक जण जेसीबीच्या बकेटमधून आलती. अशी तं कुणाकडंच नसंल."

व्यंकटरावांनी लेकीकडे पाहिलं, चॅसिसकडे पाहिलं. तीन दिवसांनी ही पोरगी घरातून जाणार होती. त्यांना नाही म्हणवेना. रविंद्रांना मात्र गॅस कटरची निळी ज्योत आणि झेंडूची फुलं यांतलं एक निवडायचं होतं. त्यांनी फुलं निवडली. पण चेहरा असा केला की ज्योत परवडली.

जळबाने दोन दिवसांत चाकं बसवली. पुढे जुन्या मोपेडची, मागे जीपची. बेअरिंग रविंद्रांनी स्वतः निवडून आणली. अपमान व्हायचाच असेल तर निदान चाकं तरी गुळगुळीत फिरली पाहिजेत. स्टिअरिंग नव्हतं, पण हॉलमध्ये सरळच जायचं होतं. ब्रेक नव्हते.

"ढकलणारेच धरतील की," व्यंकटराव म्हणाले. "चार पुतणे हायेत माझे. कारखान्यावर उसाच्या मोळ्या फेकतेत."

बसायची जागा एकच होती, ड्रायव्हरची. तिथे पुनमला बसवायचं ठरलं. मुन्नासाठी, जिथे इंजिन यायचं होतं तिथे फळी टाकून त्यावर गादी बांधली. म्हणजे नवरदेव पुढे, नवरी मागे आणि मधे बरेच फूट झेंडू. "ह्याईचं लग्न हाय का भांडण?" जळबाने विचारलं.

गुरुवारी बाराला हॉल भरला. स्टेज हॉलच्या उजव्या अंगाला होतं. चॅसिस दाराजवळून निघून मधल्या मोकळ्या वाटेने स्टेजसमोर येऊन थांबणार होती. वाटेवर गुलाबाच्या पाकळ्यांचा सडा होता. दोन्ही बाजूंना पांढरा धूर सोडणारी यंत्रं होती. गुरुजी माइक तपासत होते. मुन्नाचे मामा अंतरपाट घेऊन तयार होते. रविंद्र एका खांबाला टेकून, आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात सरळ वस्तूला झालर लावलेली पाहत होते.

बँड वाजला, धूर सुटला आणि चार पुतण्यांनी जोर लावला. हे पुतणे आजवर ढकलत आले होते ते चिखलात रुतलेल्या ट्रॉल्या. त्यांनी तोच अंदाज धरला. पण इथे खाली नवीन ग्रॅनाइट होतं, चाकांत रविंद्रांनी निवडलेली बेअरिंग होती आणि वर सुतळी लावून जुळवलेली चॅसिस होती. ती सुटली. पुतणे थांबवायला म्हणून तिच्यामागे पळाले, त्यांच्या पायांखाली गुलाबाच्या पाकळ्या आल्या, आणि चौघे जण ओळीने बसले.

"सावधान! सावधान!" गुरुजी माइक तपासत म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच अगदी नेमक्या वेळी उच्चारला गेला होता, आणि कुणी लक्ष दिलं नाही.

धुरातून नवरदेव आला, स्टेजसमोरून हात जोडत गेला. त्याच्या मागून झेंडू गेले, झेंडूंच्या मागून नवरी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी थांबायची आहे, हे माहीत असणारे सात-आठ जणच होते आणि ते सगळे ओरडत होते; पण बँडवाले मन लावून वाजवत होते. हॉलपुढे जेवणाचा हॉल होता, तोही त्याच रेषेत आणि तितकाच सपाट. एक आचारी जिलेबीची परात घेऊन आडवा जात होता. त्याने परात डोक्यावर धरली, पोट आत घेतलं आणि भिंतीला चिकटला. आणि जेवणाच्या हॉलच्या टोकाला, भांड्यांच्या टेम्पोसाठी सकाळपासून उघडं ठेवलेलं, दहा फूट रुंद शटर होतं.

शटरमधून चॅसिस निघाली, टेम्पोसाठी केलेल्या उतारावर तिला आणखी वेग आला, अंगण ओलांडून ती मागच्या शेतात उतरली आणि नुकत्याच मळलेल्या सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात जाऊन घुसली. ढीग घराएवढा होता. पिवळा भुसा उंच उडाला आणि सावकाश खाली आला.

सगळं लग्न मागच्या दाराकडे पळालं. सगळ्यांत पुढे रविंद्र होते. नवरा-नवरी ढिगात कुठे आहेत, हे बाकीचे शोधत असताना ते गुडघे टेकून चॅसिसच्या पुढच्या टोकाकडे पाहत होते. ढिगाखाली बांधाचा दगड होता. पाइपांचं नाक डावीकडे चांगलं वीतभर वाकलं होतं.

"अहो!" सपना मागून ओरडली. "आधी माणसं बघा!"

रविंद्र दचकून उठले. खरोखरच त्यांना माणसांची आठवण राहिली नव्हती, आणि याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. त्यांनी दोन्ही हातांनी कुटार उपसायला सुरुवात केली. आधी फेटा मिळाला, मग मुन्ना. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याने तोंडातला भुसा थुंकला आणि इंजिनिअर असल्यामुळे पहिला प्रश्न विचारला, "ब्रेक कुठाय?"

पुनम कमानीखाली जशीच्या तशी बसली होती. तिचे खांदे हलत होते. सपनाला वाटलं, पोरगी रडतेय. जवळ जाऊन पाहते तर ती हसत होती. तिला श्वास घेता येईना इतकं हसू येत होतं. तिच्याकडे बघून मुन्नाही हसायला लागला. स्थळ आल्यापासून या दोघांचं सगळं बोलणं जहाजावरून आलेल्या व्हिडिओ कॉलवर झालेलं, त्यात अर्धा वेळ मुन्नाचा चेहरा थिजलेला असायचा.

"तुमचा आवाज आज पहिल्यांदा नीट आला," पुनम म्हणाली.

मुन्नाचे मामा मात्र हसत नव्हते. त्यांच्या हातात अजून अंतरपाट होता. "आमचं पोरगं कुटारात घातलं! व्यंकटराव, ही काय रीत हाय? कोण हाय ह्या गाडीचा मालक?"

दीडशे माणसांनी रविंद्रांकडे बोट केलं. जळबानेही केलं.

"मामा, सहा मिनिटं राह्यली मुहूर्ताला," पुनम उठत म्हणाली. "भांडण जेवताना करा."

मग ती दोघं भुशानिशी चालत आत गेली. बारा सदतीसला अक्षता पडल्या. अक्षतांपेक्षा नवरा-नवरीच्या अंगावरून पडणारं कुटारच जास्त होतं. रविंद्रांना कुणी जेवायला बसा म्हटलं नाही. जळबा दुसऱ्या पंगतीला जिलेबी मागून घेत होता. व्यंकटराव रविंद्रांजवळून गेले तेव्हा रविंद्रांनी एवढंच विचारलं, "मागे शटर होतं?"

"होतं ना. गाद्यांची थप्पी लावलती त्याच्यापुढं."

"मग मला सांगितलं का नाही? दोन दिवस मी दार मोजत होतो!"

"तुमी दार इचारलं सर," व्यंकटराव म्हणाले. "शटर कुठं इचारलं?"

वाकलेली चॅसिस जळबाने ट्रॉलीत घालून शेडवर नेली. रविंद्र आठ दिवस तिकडे फिरकले नाहीत. आयटीआयमध्ये पोरं त्यांना पाहून गप्प व्हायची, आणि गप्प पोरांइतकं वाईट काही नसतं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ हिंगोलीपासून परभणीपर्यंत पोचला होता. सपना ज्या शाळेत शिकवायची तिथल्या एका बाईंनी तो तिलाच पाठवला, 'बघा काय लोक असतात' असं लिहून.

नवव्या दिवशी सकाळी दारात मुन्नाचे मामा उभे राहिले. रविंद्र कोट घालून भांडणाला तयार झाले.

"बसा," सपना म्हणाली. "आधी चहा घ्या. मग ह्यांना बोला."

मामा बसले. घसा साफ केला. "सर, त्या दिवशी म्या जरा जास्त बोललो. माझ्या पोराचं लगीन हाय, तुळशीच्या लग्नानंतर. त्याला तसंच पाहिजे."

"काय तसंच?"

"तेच. शटरातून भाईर निघायचं अन् कुटारात घुसायचं. सगळ्या पाव्हण्याईनं व्हिडिओ पाह्यला. आता साधी एंट्री केली तं लोक नावं ठेवतेत. कुटार आमच्या घरचं हाय. बराबर वाळलेलं."

रविंद्र उभे राहिले. त्यांनी मामांना पाव मैलाचं सांगितलं, अमेरिकेचं सांगितलं, वजन पुढे किती आणि मागे किती हे सांगितलं. ही गाडी वेगाची साधना आहे, तमाशा नाही, असंही सांगितलं. मामांनी अर्धा तास मान डोलावत ऐकलं. सपनाने दुसरा चहा केला.

"नाही म्हणजे नाही," रविंद्रांनी शेवट केला.

"ऱ्हाऊ द्या मंग," मामा कप ठेवत म्हणाले. "तुमाला इचारलेलं बरं, म्हून आलो. जळबाकडं जातो. त्यानं तिघांच्या तारखा धरल्या म्हणे."

मामा कोपऱ्यावरून वळायच्या आत रविंद्रांनी स्कूटर काढली.

शेडमध्ये जळबा वाकून वेल्डिंग करत होता. समोर नवी चॅसिस होती. अठराएक फुटांची, डोळ्यांच्या अंदाजाने केलेली. तिच्यावर दोन बैठका, शेजारी शेजारी. कमानीला फुलांच्या माळांसाठी आकडे होते. आणि पुढचं नाक डावीकडे वीतभर वाकवलेलं.

"हे वाकडं काहून केलं?" रविंद्रांच्या तोंडून जळबाचीच भाषा निघाली.

"व्हिडिओत तसंच दिसून राहिलंय सर," जळबा चष्मा वर करत म्हणाला. "लोकाईला तीच पाहिजे. बराबर तितकंच वाकवलं."

रविंद्रांनी चॅसिसभोवती एक फेरी मारली. जोड बघितले. काही बोलावं असं त्यांना बरंच काही सुचलं. पण समोर दोन माणसांच्या बसायच्या जागा होत्या, आणि पुनम-मुन्नाच्या अंगावरचा भुसा त्यांना आठवत होता. दरवेळी ढिगाखालचा दगड दयाळू निघेलच असं नव्हतं.

"जळबा," ते शेवटी म्हणाले, "बाकी तुला काय करायचं ते कर. निदान ब्रेक तरी लाव बाबा."

जळबाने मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"म्या इचारलं सर सगळ्याईला," तो म्हणाला. "ब्रेकवाली कुणीच मागून न्हाई राहिलं."